नारळाच्या पाण्यातून वाचलेली प्रणाली

रिसोडमध्ये घरी बसून मी एक संगणकप्रणाली तयार केली. ती यंत्रात बसवावी लागत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की अख्खा संगणक समोर उघडतो. इतकी वर्षं ती माझ्याशिवाय कोणीच वापरली नव्हती. म्हणून गल्लीतल्या मंडळाने सत्कार ठरवला तेव्हा मी एवढंच मागितलं, की कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्यांनी ती एकदा चालवून पाहावी.

पाहुण्यांनी आधी पूजा केली. लॅपटॉपला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि फोडलेल्या नारळाचं पाणी थेट कीबोर्डवर शिंपडलं. पडदा काळा झाला. उद्घाटन झालं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॅपटॉप गेल्याचं मला वाईटही वाटलं नाही. प्रणाली न पाहताच पाहुणे मला शाल देऊन गाडीत बसले.

"गेलं काय रे सारं?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"नाही काका, ते याच्यात नव्हतंच, इंटरनेटवर आहे. तुमच्या मोबाईलवर उघडून देतो."

उघडलं. काकांनी बोट फिरवलं.

"चालून तं राह्यलं. मंग त्याईले काहून नाही दाखोलं?"

"पाहुण्यांना घाई होती," म्हणत मी शालीची घडी घातली. काका घरी निघाले तेव्हाही त्यांचं बोट पडद्यावरच होतं. प्रणाली वापरणारे आता आम्ही दोघे होतो.