‘येते’ म्हणायचं नाही

अगं, अशी दारातून काय बोलतेस, जवळ येऊन बस. नर्सेसच्या इंग्रजी परीक्षेत एकदा नापास झालीस म्हणून मावशीला चार महिने तोंड दाखवायचं नाही, हे कुठून शिकलीस? मोबाईल ठेव बाजूला आणि ऐक. माझी लेक, तुझी ताई, याच परीक्षेला दोनदा बसून घसरली होती. ती परदेशी गेली, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

ताई परळला नर्स होती. तिकडच्या हॉस्पिटलनं नोकरी देऊ केली, पण परीक्षेचा कागद दिवाळीच्या आत हवा होता. वाचणं, लिहिणं, ऐकणं, तिन्हींत पास. अडायचं बोलण्यात. आता एकच वेळ हातात होती.

तुला माहीतच आहे, तोंडीला परीक्षक पेशंट होतात आणि आपण कार्डावर लिहिलंय तसं त्यांच्याशी पाच मिनिटं बोलायचं. दुसऱ्या खेपेला हिनं पेशंटबाईंना औषधं समजावली, धीर दिला आणि शेवटी हसून म्हणाली, “आय ॲम कमिंग हं.” आपण निघताना येते म्हणतो, तसं. बाई थांबल्या, ही पुढे काय बोलते म्हणून. ही थांबली, बाई संपलं म्हणतील म्हणून. त्यात हिचा धीर गेला, आणि दुसऱ्या कार्डाला तोंडातून शब्द फुटेना.

मला इंग्रजी कोणी शिकवलेलं नाही. औषधांच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या आणि पेपर वाचून जमवलेलं. पेशंट व्हायला तेवढं पुरलं. रोज सकाळी तिच्या ड्यूटीआधी मी कॉटवर आडवी व्हायचे, कण्हायचे, नाही नाही ते प्रश्न विचारायचे. सगळं नीट जायचं. निघायची वेळ आली की ही “आय ॲम” म्हणायची आणि तिथेच अडायची. पुढचं ‘गोइंग’ काही ओठांवर येईना.

एक दिवस मी चिडले. म्हटलं, एवढ्याशा शब्दापायी नोकरी घालवशील.

“तूच ओरडायचीस ना, जाते म्हटलं की,” ती म्हणाली. “आजारी माणसाजवळ तर नाहीच म्हणायचं. आता तूच आडवी पडून मला म्हणायला लावतेस.”

खरंच होतं. चौथीत असताना जाते म्हणून निघाली, तर मी तिला आत आणून पुन्हा बसवलं होतं. शाळेला उशीर झाला तो वेगळाच. म्हटलं, मी तुझ्या इंग्रजीनं मरत नाही, म्हण. ती म्हणाली, “आय ॲम गोइंग नाऊ.” मी डोळे घट्ट मिटून पडून राहिले आणि म्हटलं, पुन्हा.

तेवढ्यात गॅलरीतून शेजारच्या मालवणच्या काकी. “गो बाय, सकाळी सकाळी जातंय जातंय काय म्हणतंस? येतंय म्हण.” झालं, ही परत कमिंगवर. काकींना चहाला बसवून सगळं समजावलं, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून त्याही पेशंट झाल्या. इंग्रजी येतं ते गो आणि कमपुरतंच, पण कण्हतात झकास.

परीक्षा दादरला होती. मी खाली फुटपाथवर उभी, पाय दुखले तरी बसवेना. ती आली ती पांढरीफटक. डिलाईल रोडला वळल्यावर टॅक्सीत म्हणाली, “आई, गोइंग म्हटलं गं. पण राहवलं नाही, पुढे ‘आय विल कम बॅक’ पण म्हटलं. चालतं का ते?”

मला कुठे माहीत? माझ्या पाट्यांवर ते कधी आलं नव्हतं. निकाल लागेपर्यंत घरात कोणी त्या वाक्याचं नाव काढलं नाही. मी भाजीत दोनदा मीठ घातलं, ती मुकाट्यानं जेवली.

पास झाली. बोलण्यातच सगळ्यात जास्त मार्क. दिवाळीचा फराळ मी एकटीनंच केला आणि अर्धा काकींकडे दिला.

तर आता तू कार्डं घेऊन ये. पेशंट दोघी तयार आहेत आणि सकाळ आम्हाला सरता सरत नाही. या रविवारीच ये बाळा, फार दिवस लावू नकोस.