संथ वंदनेचा विहार

सासूबाई गेल्या आणि नवऱ्याने सासऱ्यांना वैनगंगेकाठच्या गावाहून जवळजवळ उचलूनच खराडीला आणलं. ते पाहुण्यासारखे राहत. कपाटाचा कप्पा रिकामा करून दिला तरी कपडे पिशवीतच. "पावसाळ्याचा वर्षावास संपला का जातो मी गावी," असं रोज शांतपणे सांगत. गावी घर रिकामं, आणि त्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. नवरा काळजीपोटी चिडचिड करायचा. मला मात्र ते घरात हवेच होते. ऑफिसातून आल्यावर "आली का बेटा" असं विचारणारं दुसरं होतं कोण?

गावच्या विहारात दर रविवारी बुद्धवंदना तेच घेत. म्हटलं, पुण्यात विहारांना काय तोटा आहे? एखाद्यात त्यांचं मन रमलं तर राहतीलही. नवऱ्याने हौसेने घेतलेली सायकल टॉवेल वाळत घालायच्या कामी येत होती. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मास्तरकीची सगळी वर्षं सायकलवरूनच शाळा गाठलेली. डॉक्टरांनीही हळू चालवायच्या बोलीवर होकार दिला. मग काय, दर रविवारी सकाळी ते त्या सायकलवर पुढे आणि मी शेजारणीकडून मागून आणलेल्या सायकलवर मागे.

मी कोथरूडच्या हिंदू घरातली. पहिल्याच विहाराच्या दारात माझा हात सवयीने घंटेसाठी वर गेला आणि तसाच हवेत राहिला.

"काय शोधून राहिली?" बाबांनी विचारलं.

"पंखा कुठे आहे ते बघत होते."

ते गालातल्या गालात हसले. सासूबाई गेल्यानंतर प्रथमच.

पण एकही विहार त्यांच्या पसंतीला उतरेना. चंदननगर झालं, येरवडा झालं, मुंढवा झालं. लोक अगत्याने बसवून घेत, चहा देत. बाहेर पडलं की बाबांचं ठरलेलं: "चांगला आहे. पण वंदना लय घाईत म्हणते लोकं." शेवटी मांजरीजवळ उसाच्या रसाच्या गाड्यावर माझा पारा चढला.

"बाबा, जरा भरभर म्हटलं तर बिघडलं कुठे? लोकांना नंतर कामंही असतात ना!"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुझ्या सासूले दमा होता न, बेटा. एका ओळीत तिचा श्वास संपे. मी थांबो. मंग सारा विहारच थांबे. आता भरभर म्हटलं का वाटते, ते मागं राहून गेली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी सायकलवर टांग मारली आणि लोणी काळभोरपर्यंत नुसती हाणत राहिले; बाबा आपल्या संथ चालीने थोडे मागे.

तिथे वस्तीत पत्र्याचा लहानसा विहार होता. पांढऱ्या साडीतल्या एक आजी दारातच म्हणाल्या, "वंदना घेनारे आज गावाला गेल्यात. तुम्हाला येती का, बाबा?"

बाबा पुढे बसले. मी धापा टाकत त्यांच्यामागे. वंदना मला पाठ नव्हती; ते म्हणतील ते मागून म्हणायचं, एवढंच. पहिल्याच ओळीत माझा श्वास अडकला. बाबांच्या कानावर ती धाप गेली. ते थांबले. मी उरलेले शब्द पुरे केले, मगच त्यांनी पुढची ओळ घेतली. पुन्हा थांबले. बाकीची माणसंही थांबली. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी घाई केली नाही. माझा श्वास केव्हाच ताळ्यावर आला होता, तरी मी शेवटपर्यंत अडखळतच म्हणत राहिले.

निघताना आजींनी विचारलं, "पुढच्या ऐतवारी येताय न्हवं?"

मी बाबांकडे पाहिलं नाही. भीतीच वाटली.

"येऊ न," बाबा म्हणाले. "फक्त या पोरीसाठी मधी मधी थांबावं लागते."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.