जर्मनाच्या प्रदर्शनातले आयचे पाय

त्या जर्मनाला आमच्या पाचूबंदरात मीच आणला. हे आधीच कबूल करते, कारण गावात आजही कुणी ना कुणी ते ऐकवतंच. माणिकपूरला मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात टायपिस्ट होते. साहेबांनी ऑफिसच्याच बंगल्याच्या तळमजल्यावर गॅलरी काढली होती आणि जर्मनीचा एक फोटोग्राफर तिथे एकट्याचं प्रदर्शन मांडणार होता. माणूस त्याच्या देशात बदनाम आहे, असं साहेब मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्याला मासेमारी बघायची होती, मला मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, झालं.

महिनाभर तो आमच्या किनाऱ्यावर फिरला. आयने त्याला बोंबलाचं कालवण खाऊ घातलं. ओहोटीला होडी लांबच थांबते, मग बाया गुडघाभर चिखलातून जाऊन मासळी आणतात. हा कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे. आय हसायची. "बघ गो, गोऱ्याला चिखलात चालता पन येत नाय!"

प्रदर्शन उघडलं. समोरच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, आयचे पाय. मांडीपर्यंत खोचलेलं लुगडं, फुगलेल्या निळ्या शिरा, चिखल. कमरेच्या वर काहीच नाही, फोटो तिथेच संपवलेला. पुढ्यात सुके बोंबील दोऱ्यांना लटकवलेले, ते डोक्याने सारल्याशिवाय फोटोपर्यंत पोचताच येऊ नये असे. चंदनसारच्या नव्या बिल्डिंगांतली माणसं नाकाला रुमाल लावून यायची, बघायची, एकमेकांना कोपराने ढोसायची. एका बाईने मला विचारलं, "कुणाचे हो हे पाय?" मी म्हटलं, "काय की." हो, असं म्हटलं मी. जिने जन्म दिला तिचे पाय, आणि काय की!

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गावभर झालं. आयच्या गुडघ्याखालचा भाजल्याचा डाग सगळ्यांच्या ओळखीचा. सोमवारी गावातले चार पुढारी गॅलरीत येऊन थडकले. "फोटो उतरव. आमच्या बायांची अब्रू भिंतीवर टांगतोस?" जर्मन लालबुंद. म्हणे, एक खिळाही काढणार नाही, लोकांना राग यावा म्हणूनच तर केलंय. साहेब सगळ्यांना चहा पाजायच्या मागे. मी मध्ये उभी, इकडचं तिकडे सांगत. फोटो उतरावा असं मलाही वाटत होतं. अब्रूबिब्रू सोडा, मला नुसती लाज वाटत होती. आणि संतापही येत होता, कारण ज्या बाईचे पाय, तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बाजारात शेजारणीने आयच्या कानावर घातलं, तशी ती रिक्षा करून थेट तिथेच आली, मासळीची रिकामी पाटी काखेत मारून. पुढाऱ्यांनी वाट दिली. ती बोंबील हाताने सारत आत गेली. "मेल्यानं तोंडाला तोंड अडकवायचं सोडून शेपटीला बांधून टांगलेत," एवढंच म्हणाली. मग फोटोपुढे जाऊन उभी राहिली.

"काकी, तू काळजी करू नको, आत्ताच्या आत्ता उतरवतो," एक पुढारी म्हणाला.

"कोन उतरवतो? हात तर लावून बघ!" आय गर्रकन फिरली. "याच पायांनी चिखल तुडवून तुम्हाला म्हावरं खायला घातलं. तवा नाय गेली ती अब्रू?" मग जर्मनाकडे वळली. "आनि तू रे. तोंड कुठंय माझं?"

मी इंग्रजीत सांगितलं. जर्मन समजावायला लागला, की चेहरा नसला म्हणजे हे पाय जगातल्या सगळ्या कष्टकरी बायांचे होतात. तेही मी मराठीत आणलं.

"सगल्यांचे कसे?" आय म्हणाली. "दुखतात तवा एकटीचे माझेच दुखतात."

तिने साहेबांची खुर्ची ओढली, फोटोच्या बरोब्बर समोर ठेवली, फोटोकडे पाठ करून बसली, पदर सारखा केला. "फोटो रव्हू दे. पन तोंड लावत नाय तोवर मी इथंच बसनार."

आणि बसली की! बाजार आटपून रोज यायची. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी टायपिंग टाकून तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले, साहेबांना काय बोलायचं ते बोलू दे म्हटलं. बोंबलांतून डोकं काढून लोक बघतात तो समोर आय, थेट डोळ्यांत बघणारी. कोपराने ढोसणं बंद झालं. काहीजण चक्क नमस्कार करायचे.

तिसऱ्या दिवशी जर्मन रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. आईला उठव म्हणाला, माझ्या फोटोकडे आता कुणी बघतच नाही, सगळे तिच्याकडेच बघतात.

मी आयला सांगितलं.

"मग बघू दे की," आय म्हणाली आणि तिने खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.