वाऱ्याला वाट

गंगापूर रोडला आमची कॉलनी नवी होती, तेव्हा चहूबाजूंनी उघडा माळ होता. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी माळावर शोधायला लागायचे. आमचे शेजारी तर काडीसारखे बारीक. वारा सुटला की अंग तिरकं करून चालायचे. मला सांगायचे, "वहिनी, वाऱ्यापुढे छाती काढायची नाही. त्याला वाट द्यायची."

दोन घरांच्या मध्ये त्यांचा उंच ख्रिसमस ट्री होता. गच्च झाड वाऱ्याला शिडासारखं सापडतं, म्हणून दर उन्हाळ्यात ते करवत घेऊन वर चढायचे आणि फांद्या विरळ करायचे. खाली उतरले की झाडाला उदबत्ती धरायची. धूर फांद्यांतून माझ्या घराकडे आला की खूश. "पास झाला!"

एका मे महिन्यात वादळ आलं. झाड जागचं हललं नाही. त्यातून पास झालेल्या वाऱ्याने माझ्या पडवीचा पत्रा मात्र उडवला. सकाळी तोच पत्रा माळावरून डोक्यावर घेऊन शेजारी हसत हजर. "बघितलंत, वहिनी? एक फांदी मोडली नाही!"

मग मी तोंड सोडलं. त्यांनी पत्रा भिंतीला टेकवला आणि माझं बोलून होईपर्यंत अंग तिरकं करून उभे राहिले.