उसनी जीभ

केजच्या बसस्टँडाबाहेर मकसूदभाईचा फळांचा गाडा आणि छबुबाईचं भाजीचं बारदान इतकी वर्षं शेजारी आहेत, की गिऱ्हाइकं एकाच्या मालाचा भाव दुसऱ्याला विचारतात. छबुबाईला एक खोड. जे दिसेल त्याचं 'कावून', म्हणजे 'का', विचारल्याशिवाय तिला करमत नाही. नमाजाला जाताना मकसूदभाई गाडा तिच्यावर सोपवायचा, आणि परत आला की प्रश्न तयार. सकाळी हातपाय धुतले होते, पुन्हा कावून? तोंड मावळतीकडंच कावून? रमजान कधी थंडीत, कधी उन्हाळ्यात कावून? तो बिचारा सांगायचा. नमाजाआधीची ही धुणी म्हणजे वजू, ती मोडली की नव्यानं करायची. काबा त्या अंगाला आहे. चांदाचं वर्ष लहान, म्हणून महिना दरसाल मागं सरकतो. एखादं येत नसलं, तर मौलानांना विचारून सांगतो म्हणायचा, आणि खरंच विचारून यायचा.

रमजानात त्याची एक अडचण व्हायची. कलिंगड चाखल्याशिवाय 'गोड हाय' म्हणणं त्याला खोटं वाटे, आणि रोज्यात चाखणार कसं? मग महिनाभर तो छबुबाईची जीभ उसनी घ्यायचा. ती चाखणार, मान हलवणार, तो बोलणार.

यंदा एका दुपारी तिनं फोड चाखली आणि नाक मुरडलं. फिकं आहे म्हणाली. मकसूदभाई चिडला. दिंद्रुडला जाऊन स्वतः निवडून आणलेला माल! दोघांची चांगलीच जुंपली. त्या तावातावात ह्या भल्या माणसानं फोड उचलली, कचकन चावली आणि चावता चावता म्हणतो, फिकं कुठाय?

छबुबाईनं तोंडावर हात ठेवला. तेव्हा कुठं त्याला आठवलं. तोंडात होतं ते थुंकून टाकलं, चूळ भरली. ती मात्र बारदानावर खालीच बसली. कळत्या वयापासून ह्यानं एक रोजा चुकवला नव्हता, आणि आज आपल्या आगाऊ जिभेपायी हे झालं. ती रडकुंडीलाच आली, तेव्हा त्यानंच समजूत काढली.

"भुलून खाल्लं तर रोजा तुटत न्हाई, मावशी. अल्लाहनंच खिलवलं म्हणायचं."

तिचा जीव भांड्यात पडला. आता गप बसावं की नाही? पण गप बसेल ती छबुबाई कसली.

"आन आठवल्यावर गिळलं असंल तर?"

मकसूदभाई पाठ फिरवून कलिंगडं रचायला लागला. संध्याकाळी खजुरानं रोजा सोडला, नेहमीसारखा एक तिच्याही हातावर ठेवला, पण बोलला नाही. आपण माणूस दुखावला, असं वाटून तिला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवसापासून चाखणं चालू राहिलं, 'कावून' मात्र बंद झालं.

ईद झाली. शीरखुर्म्याचा डबा तिच्या घरी आला. पुढं एका तापल्या दुपारी तिनं दोघांना चहा सांगितला, तर मकसूदभाईनं पेल्यावर हात ठेवला.

"आज रोजा हाय."

"ईद झाली की. आता कशाचा?"

"तुमी इचारलं व्हतं, त्याचा."

मग तिच्याकडं न बघता त्यानं सांगितलं. मौलाना म्हणाले होते, नुसती शंका असेल तर रोजा झालाच, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नको. पण शेवटचा रस आठवायच्या आधी घशाखाली गेला की नंतर, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आणि त्यालाही ते नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून त्या दिवसाच्या बदल्यात हा एक रोजा.

छबुबाईनं दोन्ही चहा परत पाठवले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कलिंगड गोड आहे का म्हणून विचारायला लागलं. मकसूदभाईनं फोड कापून मुकाट तिच्यापुढं केली. ती फोड घेऊन छबुबाई गाड्यापासून चांगली लांब गेली, आणि मग तिनं ती चाखली.