फ्लेक्सवरचं कुंकू

राहात्यात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. नवरा व्हिडिओ करतो, मी फोटो काढते. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे, फ्रेममध्ये काय घ्यायचं ते डोळ्याला आपोआप कळतं, काय सोडायचं ते शिकावं लागतं. विजेचा खांब सोड, उष्ट्या पत्रावळी सोड, मांडवाचा फाटका कोपरा सोड. मी शिकले. माणूस कसा सोडतात ते मात्र मी त्याआधीच पाहिलं होतं, आमच्याच घरात.

मी पहिलीत असताना वडील गेले. पुढच्या वर्षी सोनईला धाकट्या काकांचं लग्न झालं. घरच्यांच्या फोटोसाठी सगळे ओळीत उभे राहिले, आई माझा हात धरून कडेला. थोरली काकी फोटोग्राफरच्या कानाशी लागली आणि तो आईला म्हणाला, "वहिनी, तुमी जरा बाजूला व्हा." आई हसून बाजूला झाली. तो फोटो अजून आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, मी एकटी उजवीकडे, फोटोच्या बाहेर बघते आहे. लोक म्हणतात, पोरगी वेंधळी होती. मी वेंधळी नव्हते, आई कुठे गेली ते बघत होते.

त्यानंतर आईला कुणाला सांगावं लागलं नाही. फोटोची हाक आली की ती आपणहून उठायची, सगळ्यांच्या पर्सा खांद्याला अडकवायची, कुणाचं तान्हं काखेला घ्यायची आणि लांब जाऊन उभी राहायची. "तुमी व्हा उभ्या, मी हाय इथं." आमच्या खानदानातल्या प्रत्येक अल्बममध्ये आई अशी आहे, एक कोपर आणि चार पर्सा. मी कॅमेरा घेतल्यावर तिला समोर बसवायचा किती प्रयत्न केला! ती पंजा पुढे करायची. माझ्याकडे तिच्या पंज्याचे सुरेख फोटो आहेत. हातावरच्या रेषा मोजाव्यात इतके स्पष्ट.

गेल्या उन्हाळ्यात ती सकाळी गोठ्यात बसली ती उठलीच नाही. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. दहावा प्रवरासंगमला करायचा ठरला आणि पहिला प्रश्न आला तो फोटोचा. थोरले काका म्हणजे सोनईतलं मोठं प्रस्थ. घरातलं माणूस गेलं आणि फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स नाही, हे त्यांना कसं चालावं? आधार कार्डावरच्या फोटोत आई चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. तो मोठा केला तर चेहऱ्याचे नुसते चौकोन होत होते.

मी स्टुडिओत बसून सगळ्या लग्नांचे फोटो उपसले. रडायला वेळ नव्हता. आईचं तोंड हवं होतं, एवढंच डोक्यात होतं. शेवटी चुलतभावाच्या हळदीचा एक फोटो सापडला. पुढे हळदीने माखलेला नवरदेव, बायकांची दाटी, आणि मागे स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत आई. तिला कळलंच नव्हतं. ती नवरदेवाकडे बघून तोंडभर हसत होती. कपाळ मोकळं होतं आणि भुवयांच्या मध्ये हिरवं गोंदण दिसत होतं. ते तिच्या आजीने ती लहान असताना गोंदवून घेतलेलं. लग्नाच्या कितीतरी आधीचं, म्हणून वडील गेले तरी ते तिचं तिच्याजवळ राहिलं.

मी बाकी सगळं कापलं, चौकट तेवढी ठेवली. फोटो थोडा धूसर होता, पण ती आईच होती. काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "दार कशाला ठेवलंय? आन दहाव्याला हसलेलं बरं दिसत न्हाई. बघतो मी." मी पुन्हा फोन केला तर म्हणाले, काळजी करू नको, फ्लेक्सवाल्याला दिलाय.

फ्लेक्सवाल्यांकडे अंग तयार असतं. पुरुष गेला तर कोट, बाई गेली तर हिरवी पैठणी आणि गळाभर दागिने. वर फक्त चेहरा चिकटवायचा. दहाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर उतरलो आणि मी वर बघितलं. माझी आई पैठणी नेसून उभी होती. हसू पुसून ओठ मिटवले होते. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि कपाळावर, गोंदण झाकून टाकणारं, रुपयाएवढं लालभडक कुंकू.

पाहुणे जमले होते. बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत होत्या. थोरली काकी गाडीतून उतरली आणि ओरडलीच. "अगं बया! रंडक्या बाईला कुंकू? लोक काय म्हनतील?"

काका फ्लेक्सवाल्यावर फोनवरून डाफरले. तो म्हणाला, नवीन छापायला दुपार होईल. प्रवचनाची वेळ झाली होती. मग तिथेच रस्त्यात मसलत बसली. मंगळसूत्रावर हार टाकता येईल, पण कुंकवाचं काय? कुणीतरी म्हणालं, थिनरने जातं.

मी म्हटलं, "काका, फ्लेक्सच उतरवा. मी आईचा हळदीतला फोटो आणलाय."

"एवढा खर्च केलाय, तो उतरवायचा? दोन मिन्टाचं काम हाय."

गड्याने शिडी लावली, फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि आईच्या कपाळावर घासायला लागला. मी सहा वर्षांची असताना आतल्या खोलीत बायकांनी तिचं कुंकू पुसलं होतं. तेव्हा मला शेजारच्या घरी पाठवलं होतं, मी काही पाहिलं नव्हतं. आता सगळं गाव बघत होतं आणि मीही बघत होते. लाल रंग आधी पसरला, गालावर ओघळला. मग कुंकू गेलं. मग भुवया गेल्या, आणि डावा डोळा.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. नवऱ्याने माझा दंड धरून ठेवला होता.

"बास," काका खालून म्हणाले. "चालतंय. लांबून काय कळतंय?"

हार टाकला. लोकांनी त्या एका डोळ्याच्या बाईला हात जोडले आणि गाड्या प्रवरासंगमकडे वळल्या. घाटावर मी तो हळदीतला फोटो पिशवीतून काढून चौरंगावर ठेवला. कुणी नीट बघितलंही नाही.

दुपारी सोनईच्या घरी पंगती उठल्यावर काकीने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, चारचौघांत ओरडले म्हणून आता बोलणी बसणार. मीही तयारीत होते. तीस वर्षांचं साठलेलं सगळं ओठावर होतं.

काकीने कपाटातून लग्नातला शालू काढून खांद्यावर घेतला. आरशात बघून कुंकू पुन्हा ठसठशीत लावलं. वाकडं आलं म्हणून एकदा पुसून परत लावलं. मग कॉटवर पाय जुळवून बसली.

"कॅमेरा हाय ना तुझ्याजवळ? माझा एक फोटो काढून ठेव."

"आत्ता? आज?"

"आत्ताच. तुझ्या काकांच्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकल्यात. डॉक्टर म्हनला, काही सांगता येत न्हाई." तिने पदर डोक्यावर सारखा केला. "जवळून काढ. कपाळ चांगलं येऊ दे."

तिचे डोळे भ्यालेले होते. मला तिचा इतका राग होता, आणि ठेवायला जागाच उरली नाही. मी खिडकीचा पडदा सरकवला, उजेड तिच्या तोंडावर घेतला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बाहेर ओसरीवर काका चहा मागत होते.