बाबांचा आवाज आणि माझं कुलूप

बाबा चांदवडच्या मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज ट्रॅक्टरच्या रांगेच्या पार टोकाला जायचा. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधी मी त्यांच्या तोंडची चाळीस वाक्यं रेकॉर्ड केली आणि फोनवर एक अ‍ॅप बनवून दिलं. बटण दाबलं की बाबा बोलायचे. पहिलं बटण आईसाठी, "अगं, ऐकलंस का?" दुसरं माझ्यासाठी, "गाढवा, जेवलास का?" मग दोघं माझ्याकडे नाशिकला राहायला आली.

अंबडच्या कंपनीत माझं कामच ते. अ‍ॅपमध्ये कुणी छेडछाड केली तर अ‍ॅपला ते कळलं पाहिजे आणि आतलं सगळं तिथल्या तिथे पुसलं गेलं पाहिजे. हल्ली आवाज चोरून लोकांना गंडवतात, म्हणून तेच कुलूप मी बाबांच्या अ‍ॅपलाही ठोकलं. दुसरीकडे कॉपीसुद्धा ठेवली नाही. मोठा शहाणा ना मी!

बाबांची तक्रार एकच. पाटीवर लिहायचे, "आवाज बारीक येतो. हिला स्वयंपाकघरात ऐकू जात नाही." लिलाव पुकारलेला माणूस, त्यांना ते कसं सोसावं? मी म्हणायचो, "बघतो हो रविवारी." असे किती रविवार गेले, देव जाणे.

शेवटी ते स्वतःच कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो बिचारा भला माणूस. त्यानं खटपट करून अ‍ॅपमध्येच बदल केला, आवाज वाढवला. अ‍ॅपला तो बदल कळला आणि चाळीसच्या चाळीस वाक्यं पुसली गेली. मी शिकवलं होतं, अगदी तस्संच.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा खुर्चीत बसून पहिलं बटण दाबत होते. पुन्हा पुन्हा. मी फोन हातात घेतला, पण काही उरलं नसणार हे मला ठाऊक होतं. मला रडू आवरेना.

बाबांनी पाटी ओढली. "चूक माझी. तुला न विचारता गेलो." मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग पाटी पुसून त्यांनी लिहिलं, "जेवलास का?" या वेळी 'गाढवा' नव्हतं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, आज यांनी हाक नाही मारली? की मलाच ऐकू आलं नाही?"